अपस्मार आणि भीती : निदानानंतरचे पहिले वर्ष

गेल्या वर्षी जून महिन्यातल्या एका सकाळी, नेरुळला बहिणीच्या घरी, माझी सोळा वर्षांची भाची दात घासता घासता कोसळली. दहावीचा निकाल नुकताच लागला होता, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होती आणि आदल्या रात्री ती दोन वाजेपर्यंत जागी होती. मी बहिणीकडेच मुक्कामाला होते. बहीण कांदा फोडायला धावली. मेहुण्यांनी तिच्या दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. आणि मी, जी दिवाळी अंकांतून लेख लिहिते, पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसते, ती दाराबाहेरची चप्पल आणून तिच्या नाकाशी धरून बसले. दीड-दोन मिनिटांत झटके आपोआप थांबले. चमच्याने हिरडी फाटली होती, ती मात्र आठवडाभर दुखत राहिली.

आम्ही तिघांनी जे केले त्यातले काहीही करायचे नव्हते, हे मला दोन दिवसांनी मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीत कळले. तिथेच आणखी एक गोष्ट कळली. डॉक्टरांनी भाचीला विचारले, “सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडतात का? कप, ब्रश, फणी?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. वर्षभर तिच्या हातून चहाचे कप फुटत होते आणि “हात गळतात का तुझे?” असे आम्ही तिला विचारत होतो. खरोखरच गळत होते. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकारात सकाळी जाग आल्यावर हातांना असे क्षणिक हिसके बसतात. अपुरी झोप हे त्याचे सर्वांत मोठे निमित्त. जर्मन डॉक्टर डिटर यान्झ यांनी १९५७मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून काही देशांत तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मी डॉक्टर नाही. वाचण्याची सवय आणि विचारत राहण्याची चिकाटी एवढेच माझे भांडवल. त्यानंतरच्या वर्षभरात मी जे वाचले, विचारले आणि पाहिले, त्यावरून माझे एक मत झाले आहे. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात फिटपेक्षा फिटची भीती मुलांचे आयुष्य जास्त खाते. शिवाय ही भीती एकच नसते. ती निदान चार ठिकाणांहून येते, आणि ती कुठून आली हे ओळखल्याशिवाय तिच्यावरचा उपाय लागू पडत नाही.

शब्द आणि आजार

आपल्याकडे या आजाराला शब्द भरपूर. फेफरे, मिरगी, घुरे, लहान मुलांच्या बाबतीत आकडी, आणि आता सरसकट ‘फिट’. ‘अपस्मार’ हा जुना शब्द. ‘स्मृती’चे ‘अप’ होणे, म्हणजे भान निघून जाणे. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या वैद्यांनी त्याला औषधोपचाराचा विषय मानले होते. ग्रीसमध्येही हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने हाच मुद्दा मांडला : लोक ज्याला दैवी कोप म्हणतात तो इतर आजारांसारखाच आजार आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. नटराजाच्या मूर्तीत पायाखाली जो बुटका असतो त्याचेही नाव अपस्मार. नटराज त्याला मारत नाही, दाबून ठेवतो. आजच्या औषधांचे कामही बरेचसे असेच आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अतिशय सौम्य विद्युत संदेशांनी बोलतात. कधी कधी त्यांचा एखादा मोठा समूह एकाच वेळी, एकाच तालात, नको इतक्या जोराने संदेश सोडू लागतो. त्याला आपण फिट म्हणतो. हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतल्या या लहरींचा आलेख कागदावर उतरवला आणि १९२९मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधीच, १९१२मध्ये, फेनोबार्बिटलचा उपयोग लक्षात आला होता. आपल्याकडे जुन्या पिढीला ते ‘गार्डिनाल’ म्हणून माहीत आहे. १९३८मध्ये फेनिटॉइन आले आणि मग एकामागून एक औषधे येत गेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि औषध मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त राहू शकतात. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्ण पहिल्याच औषधाने फिटमुक्त झाले होते. सर्व प्रयत्न धरून हा आकडा ६४ टक्क्यांवर गेला. मी हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून भाचीला दिले. तिने चिठ्ठी वाचली आणि विचारले, “मावशी, उरलेल्या छत्तीस टक्क्यांत मी असले तर?”

तिथून माझे खरे वाचन सुरू झाले.

भीती : मेंदूतून आणि गोळीतून

पहिली भीती थेट मेंदूतून उठते. आपल्या कानशिलाच्या आतल्या भागात ॲमिग्डाला नावाची बदामाच्या आकाराची एक गाठ आहे. भीतीची भावना निर्माण होण्यात तिचा मोठा वाटा असतो. काही रुग्णांमध्ये फिटची सुरुवात याच परिसरात होते. मग बाहेर काहीही घडलेले नसताना प्रचंड भीती दाटून येते, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, आणि हे सहसा अर्ध्या ते दोन मिनिटांत संपते. दर वेळी ते जवळजवळ जसेच्या तसे घडते. ही भीती म्हणजेच फिट. तिला धीर देऊन उपयोग नाही, तिला औषध लागते. असा अनुभव येणाऱ्या मुलाला ‘उगाच घाबरतो’ म्हणणे हा अन्यायच आहे.

भाचीचे तसे नव्हते. ऑगस्टमध्ये वाशीच्या कॉलेजला जाताना, लोकल जुईनगर सोडते न सोडते तोच तिची छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, आता फिट येणार अशी तिची खात्री झाली. ती सानपाड्याला उतरली आणि बाकावर पंधरा-वीस मिनिटे बसून राहिली. शुद्ध पूर्ण होती, बाजूला बसलेल्या बाईंनी दिलेले पाणीही तिने प्यायले. ही फिट नव्हती, घबराटीचा झटका होता. भीतीने माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. मग ती लक्षणे फिटची सुरुवात वाटतात आणि श्वास आणखी वाढतो. चक्र पूर्ण होते. सावकाश, लांब श्वास सोडला की ते तुटू लागते. मात्र कोणता झटका कशाचा, हे घरच्यांनी अंदाजाने ठरवायचे नाही. झटका किती वेळ टिकला, शुद्ध होती का, आधी आणि नंतर काय झाले, याची वहीत नोंद ठेवायची, जमल्यास कुणीतरी मोबाइलवर चित्रण करायचे आणि ते डॉक्टरांना दाखवायचे. निदानात अशा चित्रणाचा मोठा उपयोग होतो.

दुसरी भीती गोळीतून येते. अपस्मारावरची काही औषधे मनःस्थितीवर परिणाम करतात. आज मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे लेव्हेटिरासेटम पुष्कळांना उत्तम लागू पडते, पण काहींमध्ये चिडचिड, अस्वस्थता, उदासी वाढवते. व्हॅल्प्रोएट हे या प्रकारच्या अपस्मारावर फार प्रभावी, पण पुढे गर्भारपणात ते घेतले गेल्यास बाळाला अपाय होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून मुलींना शक्यतो देत नाहीत. म्हणजे मुलींच्या बाबतीत डॉक्टरांची निवड आधीच अरुंद झालेली असते. भाचीच्या घरी सप्टेंबरभर आदळआपट चालू होती. दारे आपटणे, रडणे, रात्री झोपायला घाबरणे. “वयच तसं आहे,” असे आम्ही सगळे म्हणत होतो. कप फुटत होते तेव्हाही आम्ही असेच काहीतरी म्हणत होतो. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातल्यावर त्यांनी टप्प्याटप्प्याने औषधात बदल केला आणि तीन-चार आठवड्यांत घर शांत झाले. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी : गोळी मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. अचानक औषध थांबवणे हे मोठी, न थांबणारी फिट येण्याचे एक प्रमुख कारण आहे.

‘कधी येईल’ची भीती

तिसरी भीती अनिश्चिततेची. मधुमेहात साखर मोजता येते, ताप मोजता येतो. फिट केव्हा येईल ते मोजायचे यंत्र घरात नसते. सोळाव्या वर्षी, जेव्हा स्वतःच्या शरीरावर नुकता कुठे विश्वास बसू लागलेला असतो, तेव्हाच शरीर न सांगता दगा देते. मग मूल टाळू लागते. आधी लोकल, मग कॉलेजचे कँटीन, मग मैत्रिणीचा वाढदिवस. टाळले की त्या दिवसापुरते बरे वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी टाळले जाते.

रात्री मोबाइलवर शोधताना भाचीने अपस्मारात अचानक मृत्यू येऊ शकतो असे वाचले होते आणि दोन आठवडे ती ते कुणालाच बोलली नव्हती. मी तिला ‘असले काही वाचू नकोस’ म्हणू शकले असते. त्याऐवजी आम्ही दोघींनी मिळून आकडे शोधले. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अपस्मार असलेल्या मुलांत हे प्रमाण वर्षाला ४५०० मध्ये १ आहे, प्रौढांत १००० मध्ये १. धोका मुख्यतः अशांना, ज्यांना सर्वांगाला झटके देणाऱ्या मोठ्या फिट वारंवार येत राहतात. म्हणजे वेळेवर गोळी घेणे हाच तो धोका कमी करण्याचा मार्ग. तिने ते वाचून बराच वेळ काही म्हटले नाही. मग मोबाइलमध्ये सकाळ-रात्रीच्या गोळीचे गजर लावले.

या भीतीवर विचारांचा उपचार कामी येतो, आणि त्याची एक भक्कम परंपरा आपल्याकडे मराठीतच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती भारतात रुजवली आणि मराठीत समजावून सांगितली. ठाण्यात १९९०पासून काम करणाऱ्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही या विचाराचा भरपूर प्रसार केला आहे. या पद्धतीचे सार असे : घटनेमुळे थेट भावना निर्माण होत नाही, मध्ये आपला दृष्टिकोन असतो. ‘फिट येण्याची शक्यता आहे’ ही घटना. ‘लोकांसमोर मला फिट येताच कामा नये, आली तर सगळे संपले’ हा दृष्टिकोन. त्यातला ‘ताच कामा नये’ हा हट्ट चिंता निर्माण करतो. त्या जागी ‘फिट येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, आली तर ते वाईट आणि गैरसोयीचे असेल, पण सोसता येणार नाही असे नाही’ हे वाक्य बसवायचे. वाचताना हे फार सोपे वाटते. प्रत्यक्षात जुने वाक्य दिवसातून पन्नास वेळा परत येते आणि पन्नास वेळा ते बदलावे लागते.

नुसते विचार बदलून भागत नाही, पावलेही टाकावी लागतात. भाचीच्या समुपदेशक बाईंनी तिला हार्बर मार्गाचीच शिडी करून दिली. पहिला आठवडा आईबरोबर नेरुळ ते जुईनगर, एकच स्टेशन. मग सानपाडा. मग वाशी. मग आई शेजारच्या डब्यात. मग मैत्रिणीबरोबर. फलाटाच्या कडेपासून लांब उभे राहायचे, दारात लटकायचे नाही, बसायला मिळाले तर बसायचे. भीती वाढली तरी उतरायचे नाही, श्वास लांब सोडत पुढचे स्टेशन येऊ द्यायचे. वाशीला एकटी पोहोचायला तिला सात आठवडे लागले.

खबरदारी आणि टाळणे यांतला फरक या काळात आम्हाला नीट समजला. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही ही खबरदारी, तिच्याऐवजी दारावर ‘आत आहे’ अशी पाटी लटकते. पोहताना शेजारी माहीतगार माणूस असणे ही खबरदारी, पोहणेच बंद करणे हे टाळणे. लखलखत्या दिव्यांनी फिट येण्याचा धोका अपस्मार असलेल्या शंभरातल्या सुमारे तिघांना असतो, किशोरवयीनांत थोडा अधिक. तो आपल्याला आहे का हे आलेख काढताना तपासता येते. भाचीला तो नाही, म्हणून गणपतीत ती मंडळाच्या मांडवात गेली, मात्र रात्री दहाला परतली. जागरण नको ही तिची खबरदारी. गाडी चालवण्याचा प्रश्न मात्र अजून टोचतो आहे. वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच्या आरोग्य घोषणापत्रात अपस्माराचा प्रश्न थेट विचारलेला असतो. पाम बीच रोडवर मैत्रिणी स्कूटर चालवतील आणि ही मागे बसेल. हे दुःख खरे आहे, त्याला कुठलाही दृष्टिकोन लावून गोड करू नये.

माणसांनी दिलेली भीती

चौथी भीती आपण देतो. निदान झाल्या दिवशी, रिक्षात, मीच भाचीला म्हणाले होते, “सध्या कुणाला सांगू नकोस हं.” माझा हेतू चांगला होता. पण तिने त्यातून एवढेच ऐकले की जे झाले आहे ते लाजिरवाणे आहे. कॉलेजमध्ये फिट येण्यापेक्षा कॉलेजमध्ये ते कळण्याची तिला अधिक भीती वाटू लागली, आणि त्या भीतीचे मूळ माझ्या वाक्यात होते.

या ‘सांगू नकोस’च्या मागे नेहमी लग्न असते. बहिणीचा तिसऱ्याच दिवशीचा प्रश्न तोच होता. तिला दोष देता येत नाही, कारण कायद्यानेही हेच सांगितले होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने, वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र, असे कलम घातले गेले. वेडाचे झटके आणि अपस्मार एकाच ओळीत बसवले होते. अपस्मार क्षेत्रातल्या डॉक्टरांनी आणि संघटनांनी त्याविरुद्ध दीर्घ पाठपुरावा केला आणि १९९९च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून व विशेष विवाह कायद्यातून वगळला गेला. कायदा बदलला त्याला पाव शतक उलटले. घराघरातला कायदा अजून १९७६चाच आहे.

तो बदलतो तो उघड बोलणाऱ्यांमुळे. लेखक अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांच्या कन्या यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अपस्माराबद्दल मोकळेपणाने सांगितले आणि पुण्यात ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला. तिथे रुग्ण आणि घरचे एकमेकांना भेटतात, लग्ने जुळवण्याचेही काम होते. आपल्यासारखीच दुसरी व्यक्ती समोर बसून चहा पिते आहे, नोकरीबद्दल कुरकुरते आहे, हे पाहणे एका चिठ्ठीवरच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी अधिक धीर देते.

ऑक्टोबरमध्ये भाचीने दोन मैत्रिणींना सांगितले. आधी आम्ही एका कागदावर पाच वाक्ये लिहिली होती. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा आणि डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी ठेवा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. झटके थांबताच कुशीवर वळवा. घड्याळ लावा, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले किंवा लागोपाठ दुसरी फिट आली तर रुग्णवाहिका बोलवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबा. एका मैत्रिणीने तो कागद मोबाइलच्या कव्हरमागे ठेवला. दुसरीने सांगितले की तिच्या काकांनाही आहे, घरात कुणी बोलत नाही.

हा विषय केवळ धीराचा नाही. अपस्मार असलेल्यांत सुमारे पाचांतल्या एकाला चिंताविकार असतो, असे २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसले. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २००७च्या अभ्यासात, आत्महत्येचा धोका निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असल्याचे आढळले. म्हणून फिट थांबल्या म्हणजे उपचार झाला, असे समजू नये. मूल बोलेनासे झाले, झोप-जेवण बिघडले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीचा प्रश्न निघाला. पहाटे चारला उठून अभ्यंगस्नान हा बहिणीच्या सासूबाईंचा कधीही न मोडलेला नेम. आदल्या रात्रीचा फराळ, रांगोळी, मग तीन तासांची झोप आणि पहाटेची जाग, म्हणजे भाचीच्या आजाराला हवे तेच सगळे. बहिणीने भीत भीत विषय काढला. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पोरीला झोपू दे. उटणं काय, आठ वाजताही लागतं.” त्या दिवशी घरातली पहिली आंघोळ साडेआठला झाली. दारावर ‘आत आहे’ची पाटी होती, बाहेर आजी पाट घेऊन बसल्या होत्या. आंघोळ आटोपून भाची अंगणाऐवजी सातव्या मजल्यावरच्या जिन्याशी आली, टाचेखाली कारीट फोडले, आणि आत येऊन स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा दिला. कप काचेचे होते.